आत्ताच बघून गेले

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजावं. पण हे माझ्या सख्ख्या बहिणीबरोबर घडलंय, आणि ताई थापा मारणाऱ्यातली नाही.

वेळही रात्रीची नव्हती. रविवार होता. दुपारचे सव्वातीन. तिसऱ्या मजल्यावरचा हाडांचा पुरुष वॉर्ड.

ताई तेव्हा तिथे पहिल्या वर्षाची रेसिडेंट. शिकायचंही आणि राबायचंही. दोन-दोन दिवस पाठ टेकायची नाही. घरी फोन केला की बोलता बोलता घोरायला लागायची. आम्ही हसायचो.

त्या रविवारच्या तीन आठवडे आधी एक ट्रक ड्रायव्हर आला होता. गुडघ्याखाली हाड मोडलेलं. प्लास्टर ताईनेच घातलं.

संध्याकाळी तो म्हणाला, "मॅडम, फार घट्ट वाटतंय हो."

"पहिल्या दिवशी वाटतंच तसं." ताईने दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि पुढे गेली.

त्याने नंतर दोनदा निरोप धाडला.

ताई गेली नाही.

सकाळी त्याची बोटं काळी पडली होती. आत सूज वाढून रक्त अडलं होतं. पाय कापावा लागला. सहाव्या दिवशी माणूसही गेला.

ताईचा एक सिनियर होता. पाठीमागे सगळे त्याला हातोडा म्हणायचे. त्याने केसपेपर तिच्यापुढे सरकवला.

"लिही. दर दोन तासांनी बोटं तपासली. हालचाल ठीक."

"पण सर, मी तपासली नव्हती..."

"पुढे शिकायचंय ना तुला? लिही."

ताईने लिहिलं.

तर तो रविवार. भेटायला येणारे निघून गेले होते. वॉर्ड पेंगत होता. ताई पहिल्या खाटेपाशी गेली.

"आजोबा, बोटं हलवा बघू."

"पुन्हा? आत्ताच ते बघून गेले की."

"कोण?"

"दुसरे डॉक्टर. हात काय गार त्यांचे!"

सिनियर येऊन गेला असेल, असं ताईला वाटलं. ती दुसऱ्या खाटेकडे वळली.

"आत्ताच बघून गेले, मॅडम."

तिसऱ्या खाटेवरही तेच.

ताईने सिनियरला फोन लावला. तो हॉस्टेलवर झोपला होता. वर्षभरात पहिल्यांदा रविवारची दुपार मोकळी मिळाली होती, म्हणून आधी शिव्याच घातल्या.

मग हा कोण?

चौथ्या खाटेवर कॉलेजचा मुलगा होता. ताईने विचारलं, "काय म्हणाले ते?"

"बोटं हलव म्हणाले. मग विचारलं, घट्ट वाटतंय का?"

मुलाने आपल्या प्लास्टरकडे बघितलं.

"तीनदा विचारलं, मॅडम. मी नाही म्हटलं तरी..."



ताई जवळजवळ धावतच पुढे गेली. पाच... सहा... सात... सगळ्यांना कुणीतरी बघून गेलं होतं.

अकराव्या खाटेवर शिडीवरून पडलेला रंगारी होता. सकाळी खुद्द सिनियरने प्लास्टर घातलेलं. इंजेक्शनच्या गुंगीत तो कण्हत होता.

ताईने चादर बाजूला केली.

प्लास्टर वरपासून खालपर्यंत चिरलेलं होतं...

सरळ रेषेत. आतला कापूस बाहेर आलेला.

ते कापायची मशीन कानठळ्या बसवते. सिस्टर दहा पावलांवर बसून होत्या. त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं. आणि मशीन प्लास्टरच्या खोलीत होती. खोलीला कुलूप होतं.

आतला पाय टम्म फुगला होता. अजून तासभर गेला असता तर...

ताईने आरडाओरडा केला. त्याला लगेच ऑपरेशनला घेतलं. पाय वाचला. सगळ्यांनी ताईची पाठ थोपटली. वेळेवर प्लास्टर कापलंस म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रंगारी शुद्धीवर आला. ताईने हळूच विचारलं, "कोणी कापलं, आठवतंय?"

"तोंड नाही दिसलं. खाटेची दांडी धरून उभे होते ते."

"मग?"

"एकाच पायावर, मॅडम."

ताई तडक विभागाच्या मोठ्या सरांकडे गेली. ड्रायव्हरच्या केसपेपरचं सगळं खरं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं. चष्मा पुसला.

"ती फाइल बंद झाली. कामाला लाग."

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. ताई आता नाव कमावलेली सर्जन आहे. दोन हॉस्पिटलं बदलली तिने. पण त्यानंतर आणखी चार वेळा पेशंट तिला म्हणालेत... आत्ताच बघून गेले.

चारही वेळा प्लास्टर खरंच घट्ट होतं.

मी एकदा म्हणालो, "ताई, म्हणजे तो तुला मदतच करतोय ना?"



"मदत कसली रे... 'माझाही पाय असाच वाचला असता', हे तो मला दाखवतोय."