वरच्या मजल्यावरचा सिग्नल

देवासमोर रोज बसणारी बाई मी. खोटं लिहून पाप कशाला घेऊ? हे माझ्याच घरात घडलं, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत, आणि तेही सकाळच्या उजेडात.

मी खाली राहते. वरच्या मजल्यावर माझी सख्खी ताई, एकटीच. माझ्या यजमानांचा आणि तिचा कित्येक वर्षांचा अबोला. ताई खाली आली की हे उठून जायचे.

दोघांनी एकमेकांशी बोलावं म्हणून मी व्रत धरलं. रोज सकाळी जप, आणि जप संपेपर्यंत मौन. हे तेवढ्या वेळात फिरून यायचे.

अबोला काही सुटला नाही. गेल्या वर्षी हे गेले. व्रत मी सोडलं नाही.

त्या सकाळी धाकटे दीर आले होते. वायफाय बसवण्याचं काम करतात. माझ्याकडचा आणि ताईकडचा, वायफायचे दोन्ही डबे त्यांनीच बसवलेले. पासवर्ड मात्र वेगवेगळे. लेकीचा व्हिडिओ कॉल सारखा तुटत होता, म्हणून बोलावलं होतं.

मी जपाला बसलेली. ते शेजारी लॅपटॉप उघडून.

"वहिनी, तुम्ही बोलू नका, मीच बोलतो," ते हसले. "आमच्या घरी एवढं कोणी ऐकून घेत नाही."

मग स्वतःशीच सांगत राहिले. "दोन्ही डबे एकाच चॅनलवर ओरडतायत. तुमचा चॅनल बदलतो. पॉवर कमी करतो, म्हणजे सिग्नल या खोल्यांपुरता राहील. आणि जो फोन लांब जाईल, त्याला डबा स्वतःच सोडून देईल."

बोलता बोलता ते थांबले.

"वहिनी... दादाचा फोन चालू ठेवलाय?"

मी मानेनेच नाही म्हटलं. फोन कपाटात होता. हे गेले त्या दिवसापासून बंद.

भाऊजींनी कपाट उघडलं. बटण दाबून पाहिलं. काळा, थंडगार फोन.

पण लॅपटॉपवर, माझ्या डब्याला जोडलेल्या फोनांच्या यादीत नाव होतं... दादा.

सिग्नल इतका जोरात, की फोन डब्याखालीच, माझ्या मांडीशी असावा.

मला भीती वाटली नाही. डोळे भरून आले. मी चटईवर जरा सरकले. जागा केली.

आणि सिग्नल उतरायला लागला...

हळूहळू. कोणी उठून चालत जावं तसा.

दार वाजलं नाही. पण जिन्याची पायरी करकरली...

मग वरची.

नाव दिसेनासं झालं.

मी हातानेच खुणावलं, वाढवा, पॉवर वाढवा. भाऊजींनी पूर्ण वाढवली. आम्ही वाट पाहिली.

कोणी आलं नाही.

मग भाऊजींनी ताईच्या डब्याचं पान उघडलं.

दादा... तिथे होता.

पासवर्ड एकदा तरी घातल्याशिवाय कुठलाही फोन असा आपोआप जोडला जात नाही. एवढं मलाही कळतं. आणि हे तर तिच्या घराची पायरीही चढत नव्हते.

"मी नव्हता दिला, वहिनी," भाऊजी खाली बघत म्हणाले.

मी काही विचारलंच नव्हतं.

वर खुर्ची सरकली. मग ताईचा आवाज आला. हळू, लाडिक. सख्खी बहीण असून मी तो कधी ऐकला नव्हता.

"आज उशीर केलात..."

माझ्या हातातली माळ तिथेच थांबली. मी कुणाचं मौन पाळत होते इतकी वर्षं? त्या दोघांच्या सोयीसाठी?

भाऊजी तेव्हापासून आलेले नाहीत. फोन केला की कामात असतात.

ताई मात्र संध्याकाळी चहाला येते, पूर्वीसारखीच. परवा म्हणाली, "आता रेंज बरी आहे ना गं?"

मी हो म्हटलं.

हल्ली जाताना ती आणखी एक कप वर घेऊन जाते. बिनसाखरेचा. तसा चहा तिच्या घशाखाली उतरत नाही, तो यांना लागायचा.

मी काही विचारत नाही. करून देते.