दिवाणजींचा नकार

अश्पाक मुजावरच्या घरी रविवारची भिशी बसली होती. आठ जण, सगळे पंचविशीच्या आसपासचे, कुणी शिरोलीच्या कारखान्यात तर कुणी कोल्हापुरातल्याच बँकेत चिकटलेले. दर महिन्याला प्रत्येकानं ठरलेली रक्कम टाकायची आणि जमलेला सगळा पैसा पाळीपाळीनं एकानं उचलायचा, एवढाच साधा मामला. आधी उचलली म्हणून पुढचे हप्ते बुडवायचे नाहीत, ही एकच शपथ. वर अश्पाकच्या अम्मीच्या हातचं जेवण.

आता फरक इतकाच होता, की आठ जणांच्या कानात आठ दिवाणजी होते.

दिवाणजी म्हणजे मण्याएवढ्या यंत्रात राहणारा हिशेबनीस. पहिला पगार झाला की पोरं आधी पेढे वाटत आणि मग दिवाणजी घेत. आधी पोटाला, मग साठ्याला, उरलं तर चैनीला, हे त्यांनी एका अख्ख्या पिढीला घोटून शिकवलं होतं. केतकी बिरंजे तर त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती. शेजारच्या काकूंनी दामदुप्पट योजनेच्या नादानं राहतं घर घालवलं, तेव्हा तिचीही पहिली शिल्लक तिकडेच निघाली होती. ती दिवाणजींनीच अडवली. तेव्हापासून ते म्हणतील ती पूर्व दिशा. भिशीचा पैसा केतकीकडे जमा व्हायचा, तोही याच भरवशावर.

"या वेळची भिशी मला द्या रे," दिग्विजय सासने म्हणाला. "माझी पाळी लांब हाय, पण आईबाबांना काश्मीर दाखवायचंय."

"दिली की!" असं केतकी म्हणणार, तेवढ्यात कानात आवाज आला. "नको. दिग्विजय यांचे पुढचे हप्ते येणार नाहीत. नकार द्या."

केतकी चाटच पडली. दिग्या आणि हप्ता बुडवणार? अहो, हा गडी वर्गात उसनी घेतलेली पेन्सिल टोक करून परत द्यायचा!

तिनं बाकीच्यांकडे बघितलं. अश्पाक चटईची काडी उपसत म्हणाला, "नियम म्हणजे नियम, भावा." दुसऱ्याला अचानक घराची डागडुजी आठवली. तिसरीच्या बहिणीचं लग्न निघालं. एकेक जण मान खाली घालून सबब सांगत होता, आणि केतकीच्या लक्षात आलं, की आठांतल्या सात कानांत एकच वाक्य पडलंय.

तिचं डोकं फिरलं. पोटात एक आणि ओठात एक तिला कधी जमलंच नव्हतं.

"दिग्या, सट्टा लावतोस का? खरं सांग."

"काय बोलतीस केते?"

"मग आमचे सगळ्यांचे दिवाणजी तुझ्या नावाला नकार का देतायत?"

दिग्या दुखावला. एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. "आयला, माझे दिवाणजी तर उलटंच सांगतायत. भिशी आत्ताच उचला म्हणाले. काश्मीरपण त्यांनीच सुचवलं, पुढं ढकलू नका म्हणाले. पेन्शनचा हप्ता तर गेल्या महिन्यातच बंद केला. म्हटलं, का हो? तर म्हणे, म्हातारपणाची तरतूद तुमच्या उपयोगाची दिसत नाही." तो हसला. "मी म्हटलं, चला, घबाड मिळणार बहुतेक!"

वाढायला आलेल्या अम्मीच्या हातातला डाव तसाच राहिला. केतकी उठून गॅलरीत गेली.

"दिवाणजी, दिग्याला काय झालंय?"

"कुणाच्या तब्येतीबद्दल बोलायला मला कायद्यानं मनाई आहे."

"मग हप्ते येणार नाहीत हे कशावरून सांगता?"

"पत-अंदाजावरून. माणसाची चाल, बोलतानाचा श्वास, झोप, त्याची खरेदी, हे सगळं आम्ही दिवाणजी एकमेकांना कळवतो. त्यावरून तो किती काळ पैसे भरू शकेल, हे निघतं. दिग्विजय यांच्या बाबतीत तो काळ फार थोडा आहे."

जिन्यात मध्येच थांबणारा दिग्या तिला आठवला. पट्ट्याला नवं भोक पाडून "बघ, पोट उतरलं!" म्हणून मिरवणारा दिग्या. आपण त्याला टाळ्या दिल्या होत्या. तिला स्वतःची शिसारी आली.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"दिवाळीपासून."

"आणि एका शब्दानं बोलला नाहीत!"

"तुम्ही मला पैशांबद्दलच विचारत होता."

ती आत आली आणि तिनं दिग्याचा दंड धरला. "ऊठ. दवाखान्यात चल."

"अगं, जेवण तर होऊ दे."

"दिग्या, ते तुझ्या पैशाबद्दल बोलत नाहीयेत रे. तुझ्याबद्दल बोलतायत." दिग्याला कळलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि तो मुकाट्यानं चपला शोधायला लागला.

आठही जण दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी दिग्याला तपासलं, गळ्यापाशी बोटं दाबून दोनदा बघितलं आणि लांबलचक तपासण्या लिहून दिल्या. पैसे भरायच्या खिडकीशी दिग्या एकदम थबकला. कानाला हात लावून ऐकत राहिला.

"काय म्हणतायत?" अश्पाकनं विचारलं.

"हा खर्च सुचवत नाही म्हणे. वाया जाईल."

"म्हणजे तपासणीत काही निघणार नाही, असंच ना?" अश्पाक घाईघाईनं म्हणाला. "असंच असणार. उगाच कशाला पैसे घालवा, असं."



केतकी पुढं झाली. "भिशीतनं भरतीये. कुणाची हरकत?" सहा माना नकारार्थी हलल्या. तिच्या कानात आवाज आला, "ही रक्कम परत मिळणार नाही."

"चुलीत गेली रक्कम!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली, की खिडकीतला माणूस दचकला.

आतून सिस्टरनं दिग्याचं नाव पुकारलं. तो दारापर्यंत गेला आणि केतकीकडे वळला. लहान मुलासारखा दिसत होता.

"केते, तू एवढी वर्षं त्यांचं ऐकतीयेस. दिवाणजींचा अंदाज कधी चुकलाय का गं?"