हिरवा चॅनल

गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात म्हणून स्पीकरला बंदी. शॅकवाल्यांचे झगझगीत दिवे चालतात, वाळूत रोवलेल्या खुर्च्या चालतात, फक्त आवाज चालत नाही. मग शहाण्यांनी वाट काढली, प्रत्येकाच्या कानावर हेडफोन. लाल चॅनलवर डीजे रुद्रेश वाजवणार, निळ्यावर सावंतवाडीचा अक्षय. बटण दाबून हवं ते ऐकावं, त्या रंगाचा दिवा कानाशी पेटतो. लांबून बघणाऱ्याला सत्तर माणसं मुकाट उड्या मारताना दिसतात.

रुद्रेश मुळगावचा. साम्बा, हाउस, आफ्रिकेतले ढोल, शिगम्यात वाजतं ते मातीचं घुमट, एकातून दुसऱ्यात तो असा शिरायचा की नाचणाऱ्याचा पाय चुकत नसे. त्याच्या लेखी संगीताच्या जाती दोनच: पाय हलवणारं आणि भंपक. लग्नाला दोन वर्षं झाली तरी त्याची बायको सुविधा ऐकायला म्हणून आली नव्हती. त्या रविवारी पाच वाजता आली.

"तुझं ढकढक ऐकते एकदाचं," ती म्हणाली. "डोकं दुखलं तर गोळी तू आणायची."

"आणि नाचलीस तर?"

"मी? शाळेच्या ऑफिसात फायली नाचवते तेवढं पुरे रे."

अर्ध्या तासात ती नाचत होती, कानाशी लाल दिवा. रुद्रेशला हसू आवरेना.

मग कुणाचा तरी दिवा हिरवा झाला. मग आणखी तिघांचा.

"हिरव्यावर कोण वाजवतो रे?" त्यानं अक्षयला विचारलं.

"कोण नाय. त्या चॅनलाक वायरच जोडूक नाय." अक्षयनं आवाज सोडणाऱ्या मशीनची पाठ दाखवली. भोक रिकामं होतं.

रुद्रेशनं आपला हेडफोन हिरव्यावर नेला. काही नाही. खरखरसुद्धा नाही. पण समोर आता हिरव्या दिव्यांची चाळीस माणसं एकाच तालात पाय आपटत होती. धंद्याची सवय, तो मोजू लागला. मिनिटाला एकशे आठ ठोके, एकही न चुकता. एरवी यातल्या निम्म्यांना टाळीही तालात मारता येत नाही.

सुविधाचा दिवा हिरवा झाला.

सगळ्यांची तोंडं समुद्राकडे वळली, तिचंही. त्या तोंडांवर नाचाचा आनंद नव्हता. सरकारी रांगेत तासभर उभ्या राहिलेल्या माणसाचं तोंड असतं, तसं.

"सुविधा, पुरे गो."

तिनं ओळख दिली नाही. त्यानं तिचा हेडफोन ओढून काढला. पाय थांबले नाहीत. टाचा सोलवटून वाळू लाल झाली होती. त्यानं तिला कवेत घट्ट धरलं, तर तो ठोका त्याच्या दातांत वाजू लागला.

"उचल आणि गाडीत घाल तिका," अक्षय म्हणाला.

दुसऱ्या कुठल्याही नवऱ्यानं तेच केलं असतं. पण हा डीजे. चालता ठेका तोडायचा नसतो, त्याच्यावर आपला चढवायचा, मग हवा तिकडे न्यायचा, हेच त्याला आयुष्यभर येत होतं. त्यानं हेडफोन पुन्हा तिच्या कानावर बसवला, लालवर केला, आणि घुमटाचा ठेका बरोबर तिच्या पायाखाली आणून ठेवला. एकशे आठ.

एकशे सात. एकशे सहा.

ती मागोमाग आली. एकेक दिवा लाल होत गेला. नव्वदला ती वाळूत बसली आणि पाणी मागितलं. रुद्रेशच्या डोळ्यांत पाणी आलं.

वायरी गुंडाळताना अक्षय इतकंच बोलला, "तू ता थांबवलंस, काय आपल्यात मिसळून घेतलंस?"

सकाळी मुळगावात पाव विकणारा पोदेर सायकलचा भोंगा वाजवून गेला. सुविधा टाचांना पट्ट्या लावून टेबलाशी बसली होती, चहात उंडा पाव बुडवत.

"बरी आहेस ना?"

"बरी नसायला काय झालं? वाळूत पडले, एवढंच."

त्यानं सहज म्हणून तिचं मनगट धरलं. नाडी जोरात होती. त्यानं घड्याळ लावलं.

एकशे आठ.

"ताप आहे का रे?"

"ना," तो म्हणाला.

तेवढ्यात बोटांखालचा ठोका नाहीसा झाला.

ती खात होती.

ठेका काढून घ्यायचा, सोळा मात्रा माणसं ताटकळत ठेवायची, मग परत सोडायचा. हे त्यानं वाजवताना हजारदा केलेलं. तो मनात मोजू लागला. मनगट गरम होतं. चौदा. पंधरा. सोळा.

सतरा.

"तुझा चहा निवला," सुविधा म्हणाली, आणि मोकळ्या हातानं तिनं दुसरा उंडा घेतला.