चुळबुळ्या गप्प झाला तेव्हा

सकाळचा चहा घेऊन डॉ. सुलभा मणेरीकर पडद्यासमोर बसल्या आणि सवयीप्रमाणे त्यांनी आधी ‘पूरक’ बंद केलं. सासवडजवळच्या टेकडीवरच्या त्या क्ष-किरण वेध केंद्रात असं करणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या. बाकीच्यांना पडद्यावर एक वळणदार, अखंड रेषा दिसली की पुरे होई. सुलभाताईंना ती रेषा पुसल्यावर मागे काय उरतं ते पाहायचं असे. उरायचे ते थोडेसे ठिपके, म्हणजे उपग्रहाने खरोखर पाहिलं होतं तेवढंच.

बाकीचं सगळं पूरक भरत असे. उपग्रह एक, तारे शेकडो, आणि निधी देणाऱ्यांना प्रत्येक ताऱ्याचा रोजचा आलेख हवा. मग उपग्रहाने प्रत्येक ताऱ्याकडे जरा डोकवायचं आणि उरलेला दिवस तो तारा कसा वागला असेल, ते या प्रणालीने जुन्या नोंदींवरून शिकून आपलं आपण काढून द्यायचं. पूरक कधीच चुकत नाही असं केंद्रात अभिमानाने सांगितलं जाई. चूक कळायला कोणीतरी आभाळाकडे पाहायला हवं, हे कोणाच्या गावीही नव्हतं.

सुलभाताईंचा तारा म्हणजे खरं तर जोडी होती. एक कृष्णविवर आणि त्याच्या तावडीत सापडलेला एक साधासुधा तारा. विवर त्याचा वायू ओरबाडून घेई. तो वायू तबकडीसारखा गरगरत तापे आणि आत पडण्याआधी क्ष-किरण फेकी. हे किरण कधीच एकसारखे येत नसत, क्षणात वाढत आणि क्षणात कमी होत. ताऱ्याचा यादीतला लांबलचक क्रमांक कोणाला पाठ नव्हता. सुलभाताईंनी त्याचं नाव ठेवलं होतं ‘चुळबुळ्या’, आणि तेच रूढ झालं होतं.

त्या सकाळच्या ठिपक्यांत चुळबूळ नव्हती. गेले काही आठवडे तारा भडकलेला होता आणि त्याचं तेज कालच्याइतकंच होतं, पण किरण शहाण्या मुलासारखे सरळ येत होते. कप खाली ठेवताना चहा सांडला, हे सुलभाताईंना कळलंही नाही.

भडकलेला असा जोडतारा गप्प झाला, की काही तासांत विवराच्या दोन्ही बाजूंनी पदार्थाचा फवारा सुटतो, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने. तो सुटतो हे साऱ्या जगाला ठाऊक होतं, कारण पुढे काही दिवसांनी रेडिओ दुर्बिणींना तो लांब गेलेला दिसे. पण तो सुटतो कसा, हे सलग कोणीच पाहिलं नव्हतं. दर वेळी उपग्रह नेमका पृथ्वीआड असे, नाहीतर भलतीकडे वळलेला. त्या काही तासांसाठी सुलभाताईंनी आयुष्य खर्ची घातलं होतं. महिनाअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या, आणि चुळबुळ्या पुन्हा केव्हा भडकेल हे त्याचं त्यालाच ठाऊक होतं.

त्या तशाच नियंत्रण कक्षात गेल्या. “रुक्साना, उपग्रह चुळबुळ्याकडे वळव. उद्या सकाळपर्यंत हलवायचा नाही.”

रुक्साना मुजावर उपग्रहाची हालचाल सांभाळणारी अभियंता, कऱ्हाडची, बोलायला रोखठोक. तिने ठिपके पाहिले. “आयला, गप्पच झालंय की हे!” तिची बोटं कळफलकावर गेलीसुद्धा. मग ती थांबली आणि तिला हसू फुटलं. “मॅडम, तुमचीच न्हवं का ही भेसळ? जाता जाता?”



भेसळ ही केंद्रातली जुनी प्रथा, आणि ती पाडली होती त्यांनीच. वर्षातून एकदा कोणीतरी गुपचूप एखाद्या ताऱ्याची खोटी नोंद रचायची आणि थेट उपग्रहाच्या संगणकात शिरवायची, म्हणजे खाली कोणाला ती वेगळी काढता येऊ नये. बाकीचे डोळ्यांत तेल घालून काम करतात की नाही, याची ही परीक्षा. फसेल त्याने, आणि कोणीच फसलं नाही तर भेसळ करणाऱ्याने, वर्धापनदिनाला सगळ्यांना बटाटेवडे खाऊ घालायचे. नियम एकच होता. वर्धापनदिनापर्यंत भेसळ करणाऱ्याने कबूल करायचं नाही, कोणी गळ्याची शपथ घातली तरी नाही. आणि भेसळ करण्यात सुलभाताईंचा हात धरणारं कोणी नव्हतं.

“माझी नाही गं,” त्या म्हणाल्या.

“ते तर तुम्ही म्हणणारच की. मी वळवला असता, मॅडम, पण सरांच्या परवानगीबिगर मला हात लावता येत न्हाई.”

सर म्हणजे संचालक यशोधन कारखानीस, सुलभाताईंचाच विद्यार्थी. ठिपके पाहून त्याचेही डोळे चमकले. पण लगेच तो खुर्चीत मागे रेलला.

“मॅडम, उपग्रहाला वळवणारी आतली चाकं थकलीत. एकदा असा अवचित वळवला तर त्याचं आयुष्य कमी होतं. शिवाय आजचा वेळ परदेशी गटाला दिलाय.”

“मला माहीत आहे. तरी वळव.”

“तुम्ही खरं सांगताय?”

“खरं सांगतेय. ती प्रथा आजपासून बंद, असं समज. नियम मी केला, मीच मोडतेय.”

यशोधन कसनुसा हसला. “माझ्या वेळीसुद्धा तुम्ही हेच म्हणाला होतात. अगदी याच शब्दांत. मी जगभरच्या वेधशाळांना निरोप धाडले आणि तोंडावर आपटलो. अजून परिषदांमध्ये लोक मला त्यावरून चिडवतात. तेव्हाच मी कानाला खडा लावला.”

सुलभाताईंना ते आठवत होतं. त्या वेळी त्या पोट धरून हसल्या होत्या.

“यशोधन, हात जोडते तुझ्यापुढे.”

तो अवघडला. “आपण असं करू, पूरकलाच विचारू. त्याला ना तुमची भीड, ना माझी.”

पूरकने उत्तर द्यायला वेळ लावला नाही. नमुना डॉ. मणेरीकर यांच्या आजवरच्या भेसळींशी तंतोतंत जुळतो. खरा असण्याची शक्यता नगण्य. वेळापत्रकात बदल नको.

जुळणारच होता. आपली भेसळ पकडली जाऊ नये म्हणून सुलभाताई दर वेळी जीव ओतून ती रचत. चुळबुळ्या एक दिवस कसा गप्प होईल, याबद्दल जे जे मनात येई, ते त्यांनी त्या खोट्या नोंदींमध्ये घातलं होतं. त्यांचा तर्क बरोबर होता. तारा आता तसाच वागत होता, आणि म्हणूनच त्याच्यावर कोणाचा विश्वास नव्हता.

“बघा, सापडलात,” यशोधन प्रेमाने म्हणाला. “या वेळी वडे तुमच्याकडून.”

त्यांना त्याचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. दिवसभर त्या आपल्या खोलीत बसून राहिल्या. उपग्रह ठरल्याप्रमाणे भलतीकडे पाहत राहिला.

पुढच्या आठवड्यात दक्षिण गोलार्धातल्या रेडिओ दुर्बिणींना फवारा दिसला. आजवर नोंदलेल्या फवाऱ्यांत तो सर्वांत जोमदार होता. यशोधन धावतपळत सुलभाताईंच्या खोलीत आला. चेहरा उतरलेला होता, पण डोळ्यांत वेगळीच लकाकी होती.

“मॅडम, मी चुकलो. काय बोलू? पण सगळं गेलं नाही. हे बघा.” त्याने आलेख पुढे केला. “फवाऱ्याची बातमी कळल्यावर पूरकने ते तास पुन्हा भरलेत. चुळबूळ थांबली, मग हा छोटा उंचवटा, आणि मग फवारा. काय देखणं झालंय! शोधनिबंधावर पहिलं नाव तुमचं घालू.”

सुलभाताईंनी चष्मा चढवला. तो उंचवटा त्यांनी ओळखला. फार वर्षांपूर्वीच्या एका भेसळीत त्यांनी तो घातला होता, उगाच, गंमत म्हणून, त्याच्यामुळे आलेख जास्त खरा दिसेल असं वाटलं म्हणून. चुळबुळ्या गप्प झाल्याच्या सलग नोंदी पूरककडे होत्या त्या तेवढ्याच, त्यांच्या भेसळीच्या.

“हा उंचवटा माझा आहे, यशोधन. ताऱ्याचा नाही.”

“मग तुमचं भाकीत खरं ठरलं ना!”

“ठरलं कुठे? कोणी पाहिलंय?” त्यांचा आवाज चढला. “तेवढे तास कोरे ठेव. खाली लिही, त्या वेळी आम्ही पाहत नव्हतो.”

यशोधन घुटमळला. “कोरं ठेवायची सोय नाहीये पूरकमध्ये. रिकामी जागा दिसली की ते भरतंच. आणि हा आलेख आता सगळ्या वेधशाळांकडे गेलासुद्धा.”

सुलभाताईंनी हात टेकले. टेबलावरच्या पडद्यावर त्यांनी पूरक बंद केलं. रेषा नाहीशी झाली आणि ठिपके उरले. मधली लांबलचक जागा काळीभोर होती. त्यांच्या साऱ्या आयुष्यात तिथे पाहण्यासारखं जे काही घडलं असेल, ते तिथेच राहून गेलं होतं.

“आता पूरक या रेषेवरूनच शिकणार,” त्या हळूच म्हणाल्या. “चुळबुळ्या पुन्हा कधीतरी गप्प होईल. त्या वेळी माझा उंचवटा त्याच्यात दिसला नाही, तर पूरक त्यालाच खोटं ठरवेल. तेव्हा हे बटण बंद करून बघणारं कोणी असेल का रे इथे?”