डाव्या हाताची रेघ

त्या दुपारी मला फक्त माझ्या नावाची पाटी रंगवायची होती. वीस वर्षं मी लोकांच्या पाट्या रंगवल्या, त्याही उस्तादांच्या हाताखाली. उस्ताद गेले, काकूंनी नवऱ्याच्या दुकानाची किल्ली माझ्या हातावर ठेवली, आणि मी मनात म्हटलं, आजपासून अक्षर माझं.

खरं सांगतो, ते गेल्याचं मला काडीचं दुःख नव्हतं. माणूस डावखुरा. अक्षरं लिहून झाली की शिरोरेघ उजवीकडून डावीकडे एका दमात ओढायचा. ब्रशमधला रंग शेवटी संपत येतो, म्हणून त्याच्या रेघेचं विरळ टोक नेहमी डावीकडे. माझं उजवीकडे. एवढ्यावरून तो माझी ओली रेघ फडक्याने पुसून टाकायचा.

"ही रेघ आहे की सुतळी? तू अजून अर्धाच आहेस. पुरा झालास की सही करीन."

मनासारख्या झालेल्या कामावरच तो सही करायचा. माझ्या एकाही पाटीवर त्याने ती केली नाही.

त्या दुपारी अक्षरं छान उतरली. मी डावीकडून उजवीकडे रेघ ओढली आणि ब्रश धुवायला वळलो. टर्पेंटाइनच्या वासात हळूहळू पेपरमिंटचा वास मिसळला. त्या गोळ्या उस्ताद दिवसभर चघळायचा. मागे पाहिलं, तर रेघ ओलीच होती, पण विरळ टोक डावीकडे गेलं होतं.

पुसली. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी माझ्या डाव्या हाताच्या बोटांना रंग दिसला. त्या हाताने मी कशालाच शिवलो नव्हतो. भीती वाटली, पण त्याहून जास्त संताप आला. मेल्यावरसुद्धा हा माझ्या मानगुटीवर बसणार?

काकू दुकानामागच्या खोलीत राहायच्या. त्यांना हाक मारली.

"काकू, हा डावा हात पाठीमागे बांधा. घट्ट."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. फडक्याची गाठ मारली, तीही दोनदा.

"ओढ रे आता," त्या पुटपुटल्या.

मी दातओठ खाऊन ओढली. रेघेवरची नजर हलवली नाही. पाठीशी काहीतरी वळवळलं... मी वळलो नाही. रंगाची ओली चमक उतरेपर्यंत तसाच उभा राहिलो. टोक उजवीकडेच होतं! माझं नाव, माझी रेघ. मला रडूच फुटलं.

"जमलं, काकू... बघा ना."

काकू पाटीकडे बघत नव्हत्या. त्या माझ्या मागे उभ्या होत्या.

"शर्ट काढ," त्या म्हणाल्या आणि गाठ सोडली.

शर्टाच्या पाठीवर, जिथे बांधलेली बोटं टेकली होती तिथे, उस्तादाची सही होती. ओली. विरळ टोक डावीकडे.

मी शर्ट फेकून दिला. काकूंनी तो उचलला, नीट घडी घातली, डोक्यावरचा पदर सारखा केला. वीस वर्षं मला 'अरे' म्हणत आलेली ती बाई खाली मान घालून म्हणाली,

"अहो... गोळ्या संपल्यात. आणू का?"

नको म्हणायला मी तोंड उघडलं, तर जिभेवर पेपरमिंटची गोळी होती.