चेहरा मध्यभागी नाही

सलग तिसऱ्या दिवशी तो तिच्या फोटो स्टुडिओच्या काचेसमोर येऊन उभा राहिला, तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, पाऊस चुकवायला थांबला असेल बिचारा. दुसऱ्या दिवशी पावसाचा पत्ता नव्हता, तरी हा होताच. आणि आज तर महाशयांनी दोन्ही हातांच्या बोटांची चौकट केली होती, एक डोळा मिटला होता, आणि त्या चौकटीतून खुशाल आत बघणं चाललं होतं. आत म्हणजे थेट तिच्याकडे! निदान तिला तरी तसंच वाटलं.

"काका, तो बघा, परत आलाय."

काका म्हणजे तिचे सख्खे काका. स्टुडिओ त्यांचा. डोळे अधू झाल्यावर त्यांनी कॅमेरा पुतणीच्या हाती दिला आणि स्वतः कोपऱ्यातली खुर्ची धरली. दुकान अजून आपणच चालवतो, असा त्यांचा गोड समज होता आणि तिने तो कधी मोडला नव्हता.

"गिऱ्हाईक असेल," काका म्हणाले.

"तीन दिवस बाहेर उभं राहणारं?"

"लाजाळू असेल."

ती तरातरा बाहेर गेली. "काय बघताय हो?"

तो दचकला. बोटांची चौकट तशीच हवेत राहिली आणि आता तिचा रागावलेला चेहराच त्या चौकटीत आला. त्याने घाईघाईने हात खाली घेतले.

"शोकेस... म्हणजे, तुमचं शोकेस बघतोय. यातले सगळे मधोमध बसलेत."

शोकेसमध्ये नवरा-नवरी होते, दात नसलेलं एक बाळ होतं, पदवीची टोपी घातलेली मुलगी होती, एक आजोबा होते. एकूण बारा फोटो, तीन ओळींत, काकांनी पट्टी लावून मांडलेले.

"मग कुठे बसायला हवेत? माळ्यावर?"

तो हसला. त्याचे आधी डोळे हसत आणि मग तोंड, हे तिने तेवढ्यात टिपलं. चेहरे टिपणं हा तिचा धंदाच होता, त्यात विशेष काही नाही... असं तिने स्वतःला बजावलं.

"एक बदल करून बघू? एकच. नाही आवडला तर जिथल्या तिथे ठेवून देईन."

एक म्हणता म्हणता त्याने नऊ फोटो बाहेर काढले. आजोबांना उचलून अगदी उजव्या कडेला नेलं. फोटोत ते डावीकडे बघत होते. आता त्यांच्यापुढे शोकेसची हातभर मोकळी निळी पाठ राहिली आणि आजोबा एकदम कुणाची तरी वाट बघायला लागले. गेली चार वर्षं ते नुसतेच बसले होते. रस्त्याने जाणारी एक बाई थबकली, काचेशी आली आणि बराच वेळ बघत राहिली. चार वर्षांत या शोकेसपुढे कुणी असं थांबलं नव्हतं.

"तुम्ही करता काय?" तिने विचारलं. आवाज खाली आला होता.

"मागच्या गल्लीतल्या कलाशाळेत शिकवतो. चित्रात काय कुठे ठेवायचं, ते."

"एवढंच? वर्षभर?"

"दोन वर्षं," तो ओशाळून म्हणाला, आणि या वेळी आधी ती हसली.

*

गुरुवारी कलाशाळा लवकर सुटायची. मग दर गुरुवारी शोकेस बदलायचं आणि त्याबद्दल त्याला कॉफी पाजायची, असं ठरलं. कुणी ठरवलं, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. काकांनी त्याचं नाव 'मास्तर' ठेवून टाकलं.

मास्तर काउंटरवरच्याच वस्तू घेऊन शिकवायचा. कात्री, गोंदाची बाटली, कॉफीचा कप. कागदाची चौकट आडवी-उभी तीन-तीन भागांत विभागायची आणि कप मधोमध न ठेवता रेषा एकमेकींना छेदतात तिथे ठेवायचा. मोठी कात्री एका बाजूला असेल तर दुसऱ्या बाजूला छोटंसं, पण लाल बटण पुरतं. जाणारा तोल सावरतो. ती हनुवटी टेकून बघत बसायची. कप बघायची की कप सरकवणारी लांबट बोटं, ते सोडून देऊ.

"आणि माणूस जिकडे बघतो, तिकडे जागा सोडायची," तो सांगायचा. "नजरेला पुढे जायला वाट हवी ना."

"आणि नाही सोडली तर?"

"तर तो भिंतीला नाक लावून उभा राहिल्यासारखा दिसतो."

"माझी सगळी गिऱ्हाइकं तशीच दिसतात. पासपोर्टचा फोटो आहे तो. नाक मध्ये, दोन्ही कान दिसले पाहिजेत, नजर सरळ कॅमेऱ्याच्या काचेत. तिथे तुमची वाट काढली तर माणूस घरीच बसेल."

"बरोबर," तो म्हणाला. वाद घालताना तो पटकन 'बरोबर' म्हणून टाकायचा आणि तिचा हिरमोड व्हायचा.

एकदा त्याने स्वतःच्या चित्रांची वही आणली. जिने, खिडक्या, पुलाची कमान, ओल्या रस्त्यावर पडलेली दिव्याच्या खांबाची सावली. एकेक पान डोळ्यात भरण्यासारखं होतं. तिने वही शेवटपर्यंत चाळली, मिटली आणि म्हणाली, "सुंदर आहेत. पण यात कुणी राहत नाही का?"

त्याने वही आपल्याकडे ओढून घेतली. आपण जास्तच बोललो, असं वाटून तिने जीभ चावली.

"माणसं हलतात," तो शेवटी म्हणाला. "मला... जमत नाहीत."

"हलतात तर हलू द्या की. मी त्यांना श्वास सोडा म्हणते. श्वास सोडला की क्षणभर माणूस खराखुरा दिसतो. तेवढ्यात धरायचं."

पुढच्या गुरुवारी त्याने एक कागद काउंटरवर ठेवला. कोपऱ्यातल्या खुर्चीत झोपलेले काका, चष्मा कपाळावर, एक चप्पल निसटलेली. बाकी अर्धा कागद कोरा. ती बघतच राहिली. काकांनी कागद नाकाशी नेला.

"मी एवढा म्हातारा दिसतो?"

"हो," दोघंही एकदम म्हणाले.

त्या दिवशी कॉफीचा कप देताना बोटं बोटांना लागली, आणि कप दोघांच्या हातात जरा जास्तच वेळ राहिला. बाहेर भुरभुर पाऊस होता. तिला तो माणूस आवडत होता. हे आता स्वतःपासून लपवण्यात काही अर्थ नव्हता.

*

आणि मग तो एका सोमवारी आला. सोमवार बघूनच तिच्या मनात पाल चुकचुकली.

"फोटो हवाय," तो म्हणाला. "व्हिसासाठी. परदेशातल्या एका कलाशाळेने बोलावलंय. मी वर्षापूर्वी अर्ज केला होता... मिळेल असं वाटलं नव्हतं. परवा काकांचं चित्र पाठवलं आणि त्यांचं लगेच उत्तर आलं."

"अरे वा," ती म्हणाली. "किती दिवस?"

"दोन वर्षं."

दोन वर्षांचे गुरुवार ती मनातल्या मनात मोजू लागली. पण समोर स्टूल होतं, मागे पांढरा पडदा होता, आणि हात आपोआप कामाला लागले. बसा. पाठ सरळ. हनुवटी किंचित खाली. ती नेहमीसारखी कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला, रिमोट हातात घेऊन उभी राहिली.

"श्वास सोडा."

त्याने श्वास सोडला. तिने बटण दाबलं.

मग तिने फोटो संगणकावर घेतला, कापला, त्याला पाठवून दिला. चेहरा नीट बसावा म्हणून पडद्यावर एक अंडाकृती रेघ असायची, ती लावायची त्या दिवशी राहून गेली. राहून गेलं हेही तिच्या लक्षात आलं नाही. अभिनंदन म्हणाली, हसली, आणि तो गेल्यावर काकांनी "काय झालं गं?" विचारलं तर "काही नाही" म्हणून शटर पुसायला घेतलं.

बुधवारी सकाळी दुकान उघडायला आणि तो यायला एकच गाठ पडली. हातात कागद होता.

"फोटो नाकारला त्यांनी."

"नाकारला?" काका खुर्चीतून उठलेच. "या स्टुडिओचा? एकतीस वर्षांत एक फोटो परत आलेला नाही!"

"आज पाचपर्यंत दुसरा पाठवायचा. नाहीतर अर्ज रद्द. मग पुढच्या वर्षी."

तिने कागद ओढून घेतला. दोनच ओळी होत्या. चेहरा मध्यभागी नाही. नजर कॅमेऱ्याकडे नाही.

तिने घाईने फोटो उघडला. पडद्यावर तो होता, उजवीकडे सरकलेला. डावीकडे पांढरी मोकळी जागा. आणि त्याची नजर त्या जागेकडे, शांत, डोळ्यांत ते आधी येणारं हसू. फोटो फार सुंदर होता. व्हिसाचा म्हणून अगदी टाकाऊ.

"मी मुद्दाम नाही केलं हो," ती म्हणाली. "शपथ. तुम्हाला वाटेल, जाऊ नये म्हणून मी..."

"मला असं अजिबात वाटलं नाही." तो काउंटरपाशी आला. "काल संध्याकाळपासून हाच फोटो बघतोय मी. पहिली चूक तुमची. दुसरी माझी. मी कॅमेऱ्याकडे बघतच नव्हतो."

"मग कुठे..."

पुढचं तिला विचारवेना. कॅमेऱ्याच्या डावीकडे कोण उभं होतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. हजारो फोटोंत तिला आधी नजर दिसायची. वाकडी असली की फोटो पुन्हा. या एका फोटोत ती नजर तिच्याकडे होती, आणि तिला ती अगदी बरोबर वाटली. इतकी, की तिने त्या नजरेपुढे जागाही सोडली होती.

"मी सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "सोमवारी. त्याच्याही आधी. मला तुम्ही आवडता. रोजच गुरुवार असावा असं वाटतं. पण जाणाऱ्याने असं काही बोलावं का... म्हणून गप्प बसलो."

"मी पण मूग गिळून बसले," ती म्हणाली. डोळे भरले होते आणि हसूही येत होतं. "मलाही तुम्ही आवडता. खूप."

काका भिंतीवरचं घड्याळ निरखू लागले. ते त्यांना दिसत नव्हतं, हा भाग वेगळा.

"आज पाच वाजून गेले," तो हळूच म्हणाला, "तर मला जावंच लागणार नाही."

हा विचार तिच्याही मनात येऊन गेला होता. कागद वाचल्या क्षणीच. एक फोटो बिघडायला काय लागतं? अंडाकृती रेघ केसभर सरकवायची, बस. दर गुरुवारी कॉफी, शोकेस, हा समोर. तिने त्याच्याकडे बघितलं आणि तिला त्याची वही आठवली, एकाही माणसाशिवाय भरलेली, आणि तो अर्धा कोरा कागद, ज्यावर पहिल्यांदा कुणीतरी झोपलं होतं. आता कुठे त्याला माणसं जमायला लागली होती.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही जायचं. नाही गेलात तर वर्षभर खिडक्या काढत बसाल आणि माझ्याकडे बघितलं की तुम्हाला हाच फोटो आठवेल. मला नाही चालणार ते. बसा स्टुलावर."

तो बसला. पाठ सरळ. हनुवटी किंचित खाली. तिने बटण दाबलं. नजर डावीकडे.

"काचेत बघा ना!"

"बघतोय."

दुसरा फोटो. डावीकडे. तिसऱ्यात तर सरळ हसत होता.

"पोरी," काका म्हणाले, "तू जरा बाहेर जाऊन उभी राहा बरं."

लाल झालेले कान केसांखाली लपवत ती बाहेर गेली. आत काकांनी चष्मा सावरला, अंदाजाने रिमोट शोधला, आणि अधू डोळ्यांनी, एकतीस वर्षांच्या सवयीने एकच फोटो काढला. नाक मध्ये. दोन्ही कान. नजर काचेत. ती आत आली, रेघ लावली, केसभरही न चुकता फोटो कापला आणि स्वतःच्या हाताने पाठवून दिला. पाठवायच्या बटणावर तिचं बोट क्षणभर अडलं. तिने ते तरीही दाबलं.

साडेतीनला उत्तर आलं. फोटो स्वीकारला.

काकांना तेवढ्यात काहीतरी आणायचं आठवलं. काय ते न सांगताच ते छत्री घेऊन निघून गेले.

"निघायला किती दिवस आहेत?" तिने विचारलं.

"चाळीस."

"चाळीस दिवस रोज यायचं. गुरुवार-बिरुवार काही नाही."

"रोज येईन. आणि नंतर? सुट्टीत मी येईनच, पण..." तो अडखळला. "तुम्हाला तिकडे यायला आवडेल? बघायला. एकदा तरी. पासपोर्ट असेलच ना तुमचा?"

ती खुदकन हसली. गावातल्या निम्म्या लोकांचे पासपोर्टचे फोटो तिने काढले होते. कोण कुठे गेलं, कोण परत आलं, सगळं तिला तोंडपाठ होतं. स्वतःचा पासपोर्ट काढावा, असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

"नाही येणार?"

"पासपोर्ट नाही."

तिने रिमोट त्याच्या हातात दिला, कुठलं बटण ते दाखवलं आणि पांढऱ्या पडद्यासमोर, आयुष्यात पहिल्यांदा, त्या स्टुलावर जाऊन बसली. केस कानांमागे घेतले. तो डावीकडे उभा होता, भांबावलेला, आणि तिला त्याच्याकडे बघायचं होतं, फार बघायचं होतं. पण हा फोटो परत येऊन चालणार नव्हता.

तिने श्वास सोडला आणि सरळ काचेत बघितलं.