जांभळे ओघळ

“घागर पाहिलीस ती ठीक. पण टाकीतून भरताना पाहिलंस का?” तिच्या मैत्रिणीने, पंचशीलाने, सिंधुला विचारलं.

सिंधुने ते पाहिलं नव्हतं. काल किती तोऱ्यात तिने बाबांना सांगितलं होतं, की झाडलोट करणाऱ्या लक्ष्मम्मा भरली घागर घेऊन जाताना दिसल्या! त्यावर प्राध्यापक अण्णारावांनी, म्हणजे तिच्या बाबांनी, काही न विचारता लक्ष्मम्मांना कामावरून काढलं होतं.

लातूर जिल्हा नवा, विज्ञान विद्यापीठ त्याहून नवं आणि दुष्काळ मात्र जुनाच. आवारातली टाकी टँकरने भरायची आणि दुपारीच कोरडी ठणठणीत व्हायची; कुणीतरी पाणी चोरतंय, असं सगळे म्हणत. उद्यापासून विद्यापीठाचा सोहळा होता: व्याख्यानं, प्रयोग, संध्याकाळी कीर्तन; पाणीच नसेल तर सगळं रद्द होणार होतं.

“आज चोर रंगून निघतो बघ,” त्यांच्या वर्गातला मारोती टाकीच्या शिडीवरून म्हणाला. प्रयोगशाळेतून मागून आणलेली पुडी त्याने टाकीत सोडली. विहिरीचं पाणी शुद्ध करायला टाकतात तेच औषध. पाणी जांभळं झालं. आता पाणी जाईल तिथे रंग जाणार होता.

तिघं आवारभर हिंडली. वसतिगृह कोरडं, बाग कोरडी. सभागृहामागे मात्र भिंतीवर जांभळे ओघळ! वर खिडक्यांना वाळ्याचे पडदे, पडद्यांवर भोकाभोकांची नळी आणि नळीतून अखंड धार. पाहुण्यांसाठी सभागृह आधीपासून गार राहावं म्हणून रोज सकाळीच तोटी सोडत.

खाली लक्ष्मम्मा आपली घागर न्यायला आल्या होत्या. काल कामावरून काढल्यावर ती त्या इथेच ठेवून गेल्या होत्या.

“वाया चाललंय म्हनून शेळीला नेत होते, बाळ,” त्या म्हणाल्या. “टाकीला हात न्हाई लावला.”

सिंधुचे कान तापले. आत बाबांचा आवाज घुमत होता. ‘पाण्याचं मोल’ या उद्याच्या भाषणाची तालीम चालली होती.

मारोतीने हाक मारली तसे अण्णाराव बाहेर आले. भिंत पाहिली, घागर पाहिली, हातातले कागद खिशात कोंबले आणि स्वतः तोटी बंद केली. आपणच ती सोडायला सांगितली होती, हे त्यांनी मुलांदेखत कबूल केलं. लक्ष्मम्मांना हात जोडून कामावर परत बोलावलं. मग पोरांच्या पाठी थोपटल्या. “शाबास! उद्या व्याख्यानाआधी हा प्रयोग तुम्हीच सांगायचा.”

सिंधुला ती शाबासकी दगडासारखी जड झाली.

दुसऱ्या दिवशी टाकीला संध्याकाळपर्यंत पाणी होतं. मैदानात कीर्तनाला सतरंजी पसरली. टाळकरी उभे राहिले आणि रिवाजाप्रमाणे माणसं एकमेकांच्या पाया पडू लागली. तिथे लहानमोठं कुणी पाहत नाही. सिंधु गर्दीतून वाट काढत लक्ष्मम्मांपाशी पोचली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. काय बोलायचं ते सगळं घोकून आली होती. तिने नुसते पाय घट्ट धरले.

ती उठते तोच लक्ष्मम्मा वाकल्या. त्यांचे खरबरीत हात आपल्या पायांना लागताच सिंधुने पाय मागे ओढले.

“ऱ्हाऊ दे, बाळ,” त्या म्हणाल्या. “तुझ्यातबी तोच देव हाय.”

टाळ वाजू लागले. सिंधुने डोळे पुसले आणि त्यांच्या शेजारी, अगदी खेटून, बसली.